सीमेवरचे तापमान

१९७८ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात उष्णताविनिमयावरची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या इतिवृत्ताच्या तिसऱ्या खंडात २९७व्या पानापासून एक आटोपशीर निबंध छापलेला आहे. शीर्षक मात्र लांबलचक. संमिश्र पदार्थांतले उष्णतावहन, वेड्यावाकड्या आकारांमधले प्रवाह आणि स्थायू व प्रवाही यांच्यातला एकत्रित उष्णताविनिमय, असे तीन विषय त्यात एका दमात घेतले आहेत आणि तिन्हींसाठी एकच संगणनपद्धत सुचवली आहे. लेखकाचे नाव सुहास पाटणकर. ते जन्माने पुण्याचे, पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६२ साली पदवी घेतलेले आणि तेव्हा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शिकवणारे.

आज लॅपटॉपमधला पंखा कुठे बसवायचा, विमानाच्या इंजिनातले पाते वितळणार तर नाही ना, इलेक्ट्रिक मोटारीच्या बॅटरीत गरम ठिपके कुठे पडतील, हे सारे वस्तू तयार होण्याआधी संगणकावर काढले जाते. या धंद्यातली मंडळी त्याला ‘सीएचटी’, म्हणजे ‘कॉन्जुगेट हीट ट्रान्सफर’, म्हणतात. हवा किंवा पाणी एकीकडे, धातू किंवा माती दुसरीकडे, आणि दोहोंचे तापमान एकाच वेळी सोडवायचे. ऐकायला सरळ वाटते, पण या ‘एकाच वेळी’पर्यंत पोचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

प्रश्नाची गाठ नेमकी कुठे आहे हे कळण्यासाठी वर्धा जिल्ह्यातली एखादी भिंत घ्यावी. सेलू तालुक्यात, बोर अभयारण्याच्या तोंडाशी हिंगणी आहे. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा गावातल्या जुन्या घराची दीड फूट जाडीची मातीची भिंत दुपारी बाहेरून चटका देते आणि आतून गार लागते. उन्हाची लाट भिंतीतून आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि पोचेपर्यंत तिचा जोर मोडलेला असतो. शेजारची पत्र्याची खोली मात्र ऊन चढले की काही मिनिटांत भट्टी होते.

आता दुपारी दोन वाजता त्या मातीच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाचे तापमान किती, असे कुणी विचारले तर? ते वाऱ्यावर ठरते. वारा जोरात असेल तर भिंतीची उष्णता तो ओढून नेतो. वारा पडलेला असेल तर तापलेल्या भिंतीला लागून असलेली हवा हलकी होते आणि वर चढू लागते. म्हणजे हवेची चालही भिंतीच्याच तापमानावर ठरली. भिंतीचे उत्तर काढायला हवा माहीत हवी आणि हवेचे उत्तर काढायला भिंत माहीत हवी. त्यात हवा क्षणाक्षणाला बदलणारी आणि भिंत तासातासाने.

पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी ही गाठ न सोडवता कापली. न्यूटनने १७०१ साली तापलेल्या वस्तूच्या थंड होण्याबद्दल एक टिपण प्रसिद्ध केले होते. वस्तू भोवतालापेक्षा जितकी गरम, तितकी ती झपाट्याने उष्णता गमावते, असा त्याचा गाभा. १८२२ साली फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी उष्णतेवरचा आपला मोठा ग्रंथ छापला. घन पदार्थाच्या पोटात उष्णता कशी सरकते याचे समीकरण त्यांनी दिले आणि ते सोडवण्याची तऱ्हाही दिली. जमिनीत दिवसाची नि वर्षाची ऊब किती खोल जाते, हेही त्यांनी गणिताने मांडले. पण पदार्थ जिथे संपतो आणि हवा सुरू होते, त्या सीमेवर फूरिए यांनी एक गुणांक ठेवला. हवेचा सगळा व्यवहार त्या एका आकड्यात कोंबला.

हाच तो ‘एच’. इंजिनिअरिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, उष्णतेच्या विषयात त्याचा निम्मा वेळ हा ‘एच’ शोधण्यात गेलेला असतो.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध या आकड्याच्या शोधातच गेला. १९०४ साली जर्मनीत लुडविग प्रांड्ल यांनी दाखवून दिले की पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो आणि घर्षणाचा सारा खेळ त्या थरातच चालतो. १९१५ साली विल्हेल्म नुसेल्ट यांनी वेगवेगळ्या नळ्या, वेग आणि द्रव यांचे प्रयोग एकाच सूत्रात बसवता येतील अशी मांडणी केली. १९३० साली अमेरिकेत डिट्टस आणि बोल्टर यांचे नळीतल्या प्रवाहाचे सूत्र आले, ते अजूनही वर्गात शिकवतात. रेडिएटर, बॉयलर, कंडेन्सर यांचे आराखडे या सूत्रांवर आणि जाडजूड तक्त्यांवर उभे राहिले. कामे झाली, कारखाने चालले.

तरी त्यात एक मेख होती. तक्त्यातला ‘एच’ प्रयोगशाळेत मोजला तेव्हा पृष्ठभागाचे तापमान बहुधा सगळीकडे सारखे राखलेले असे, नाहीतर उष्णता सगळीकडे समप्रमाणात दिलेली असे. खऱ्या यंत्रात असे नसते. पंख्यासमोरची धातूची पट्टी पुढच्या टोकाला गार आणि मागच्या टोकाला गरम असते. किती, ते पट्टीच्या धातूवर ठरते. तांब्याची पट्टी असेल तर उष्णता आतल्या आत मागून पुढे पळते, स्टीलची असेल तर तेवढी पळत नाही. म्हणजे हवेचा म्हणून वापरलेला ‘एच’ हा प्रत्यक्षात धातूवरही अवलंबून होता. तक्त्यात धातूचा रकानाच नव्हता.

ही गोष्ट ठामपणे मांडली गेली ती सोव्हिएत संघातल्या मिन्स्क शहरात. तिथे अलेक्सेई लुईकोव यांच्याभोवती उष्णतेवर काम करणाऱ्यांची मोठी शाळा जमली होती. तिच्यातल्या टी. एल. पेरेलमन यांचा निबंध १९६१ साली छापून आला. स्थायू आणि प्रवाही यांची समीकरणे वेगळी न सोडवता जोडून सोडवावीत, सीमेवर आकडा बाहेरून आणू नये, दोन्ही बाजूंचे तापमान आणि दोन्ही बाजूंची उष्णता जुळली पाहिजे एवढीच अट ठेवावी, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रकारच्या प्रश्नांना आज जगभर ‘कॉन्जुगेट’ हे जे नाव आहे ते तिथूनच रूढ झाले. मात्र कागद-पेन्सिलीने सुटणारे असे प्रश्न फार थोडे. सपाट पट्टी, गुळगुळीत नळी, संथ प्रवाह. पंखे, फटी, वळणे आली की हात टेकावे लागत.

पुढचा रस्ता संगणकातून जाणार हे दिसत होते, आणि त्यासाठी आधी प्रवाह सोडवता यायला हवा होता.

पाटणकरांनी पुण्यानंतर १९६४ साली मुंबईच्या आयआयटीतून एम.टेक. केले आणि ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पोचले. तिथे ब्रायन स्पाल्डिंग हे जळण आणि उष्णता या विषयातले दबदबा असलेले प्राध्यापक होते. विद्यार्थ्याने एखादा नेमका प्रश्न सोडवून आणावा, यावर त्यांचे समाधान होत नसे. शेकडो प्रश्नांना चालेल अशी एकच पद्धत असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६७ साली पाटणकरांची पीएच.डी. झाली आणि त्याच वर्षी दोघांचे सीमास्तरातल्या उष्णतेवरचे पुस्तकही आले. भिंतीला लागून एकाच दिशेने वाहणारे प्रवाह त्या पद्धतीने झटपट सुटत. त्याच गटातून १९६९ साली उलट फिरणाऱ्या, भोवरे असलेल्या प्रवाहांवर दुसरे पुस्तक आले. त्याच्या लेखकांत अक्षय रूंचल हे आणखी एक भारतीय नाव होते.

या दुसऱ्या पद्धतीत दाब हे प्रकरण गणितातून बाहेर काढले होते. दोन मितींत ते खपून जाते. तीन मितींत मात्र ती युक्ती इतकी अवजड होते की दाबाला परत बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि दाब हा अवघड पाहुणा आहे. वेगाचे समीकरण असते, तापमानाचे असते, दाबाचे स्वतःचे असे समीकरणच नसते. गणितासाठी जागेची जाळी आखून जे छोटे कप्पे पाडतात, त्यांतल्या प्रत्येक कप्प्यात जितकी हवा शिरली तितकीच बाहेर पडली पाहिजे, या हिशेबातून तो आडवाटेने शोधावा लागतो.

अमेरिकेत लॉस आलामोसला फ्रान्सिस हार्लो यांच्या गटाने यातली अर्धी वाट आधीच काढली होती. हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ साली दाब कप्प्याच्या मध्यावर आणि वेग कप्प्याच्या भिंतींवर ठेवला. वरकरणी ही किरकोळ सोय वाटते. पण दाब आणि वेग एकाच बिंदूवर ठेवले, तर १०, ९०, १०, ९० असा दातेरी दाबही संगणकाला सपाट भासतो, कारण तो एक बिंदू सोडून पलीकडचा आकडा पाहतो. जागा बदलल्या की ही फसगत थांबते.

पाटणकर आणि स्पाल्डिंग यांचा १९७२चा निबंध इथून पुढे गेला. आधी दाबाचा एक अंदाज धरायचा. त्या दाबाने वेग काढायचे. हे वेग चुकीचेच निघतात, काही कप्प्यांत हवा साठते आणि काहींत आटते. ती शिल्लक-तूट पाहून दाबात दुरुस्ती करायची, त्यानुसार वेग सुधारायचे, आणि शिल्लक नगण्य होईपर्यंत फेऱ्या मारत राहायच्या. पद्धतीच्या लांब इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘सिम्पल’ हे नाव तयार झाले. पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर चालणारी, मोजकी मेमरी लागणारी ही पद्धत जगभर पसरली. आजही प्रवाहाची गणिते करणाऱ्या बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरांत ती किंवा तिची भावंडे आहेत.

कानपूरची आयआयटी, पुन्हा इम्पीरियल, कॅनडातले वॉटर्लू असा प्रवास करून पाटणकर मिनेसोटात स्थिरावले. तिथली उष्णतेची प्रयोगशाळा नावाजलेली होती. जेट इंजिनाची पाती थंड ठेवण्याच्या शास्त्रातले आद्य संशोधक अर्न्स्ट एकर्ट १९५१ पासून तिथे होते. मोजमापाची परंपरा असलेल्या त्या घरात संगणकाचा माणूस येऊन बसला.

आणि १९७८चा निबंध आला.

त्यातली पहिली युक्ती अशी. वाहत्या हवेत धातूचा ठोकळा आहे. हवेची समीकरणे वेगळी आणि ठोकळ्याची वेगळी, सीमेवर दोघांची गाठ घालायची, असे केले तर प्रत्येक नव्या आकारासाठी नवा प्रोग्राम लिहावा लागतो. पाटणकरांनी ठोकळ्यालाही प्रवाहीच मानले, फक्त त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, अफाट धरला. इतक्या दाट ‘प्रवाही’तून काही वाहूच शकत नाही, त्यामुळे गणितात तिथला वेग आपोआप शून्य निघतो. सगळ्या जाळीवर एकच समीकरण. कुठल्या कप्प्यात हवा आणि कुठल्या कप्प्यात तांबे, एवढे आकडे बदलले की काम झाले. चौकोनी जाळीतले काही कप्पे असे ‘बुजवून’ वेडेवाकडे आकारही करता येत.

दुसरी युक्ती सीमेची, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, डाव्या कप्प्यात तांबे आहे, त्याची उष्णतावाहकता सुमारे ४००. उजव्या कप्प्यात हवा, तिची ०.०२६. दोन कप्प्यांमधल्या रेषेवर कोणती वाहकता धरायची? बहुतेक जण सरासरी काढतील. ती येते २००. म्हणजे संगणकाच्या लेखी हवेच्या तोंडाशी जवळजवळ धातूच आहे, आणि तांब्यातली उष्णता धो धो बाहेर पडते. प्रत्यक्षात तसे काहीच होत नाही. जाड नळाला पुढे बारीक तोटी बसवली तर धार तोटीच ठरवते. तांब्याच्या अर्ध्या कप्प्याचा अडथळा शून्यवत, हवेच्या अर्ध्या कप्प्याचा अडथळा हाच सगळा अडथळा. दोन अडथळ्यांची बेरीज करून उलटी केली की हरात्मक मध्य मिळतो. त्याचे उत्तर येते ०.०५२, हवेच्या जवळजवळ दुप्पट. एका बाजूला उष्णतारोधक आहे आणि त्याची वाहकता शून्य धरली, तर साधी सरासरी निम्मी उष्णता पलीकडे जाऊ देते. हरात्मक मध्य काहीच जाऊ देत नाही, आणि रोधकाकडून तीच अपेक्षा असते.

हरात्मक मध्य शाळेच्या गणितात असतो. प्रोग्राममध्ये तो एका ओळीचा बदल आहे. पण त्या ओळीमुळे सीमेवर बाहेरून ‘एच’ आणून बसवण्याची गरज उरली नाही. हवा कशी वाहते ते संगणक काढतो, धातूत उष्णता कशी पसरते तेही तोच काढतो, आणि पृष्ठभागाचे तापमान त्या व्यवहारातून आपसूक निघते. ‘एच’ हवाच असेल तर उत्तर आल्यावर मागाहून काढून घ्यावा.

१९८० साली पाटणकरांचे पाठ्यपुस्तक आले. दोनशे पानांच्या आसपासच्या या पुस्तकात जड गणित बेताचे आणि समज देण्यावर भर जास्त आहे. सुरुवातीलाच चार साधे नियम आहेत. शेजारच्या दोन कप्प्यांनी त्यांच्यामधल्या भिंतीतून जाणारी उष्णता सारखीच मोजावी, एकाची जावक ती दुसऱ्याची आवक. शेजारी तापला तर आपणही तापलो पाहिजे, उलटे होता कामा नये, म्हणून सारे गुणांक धन असावेत. उरलेले दोन नियमही याच जातीचे. जाळी भरड असली तर उत्तर ढोबळ येईल, पण अशक्य असे काही येता कामा नये, ही त्यांची कसोटी होती. चाळीस अंशांची हवा आणि ऐंशी अंशांचा धातू यांच्यामध्ये पंचाण्णव अंशांचा बिंदू निघाला, तर पद्धतच चुकली. गणितज्ञांना काटेकोरपणाची काळजी होती. पाटणकरांना दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये आराखडा द्यायचा असलेल्या इंजिनिअरची.

ऐंशीच्या दशकात हे ज्ञान विकत मिळू लागले. स्पाल्डिंग यांनी १९७४ साली स्वतःची कंपनी काढली होती. तिचे ‘फीनिक्स’ १९८१ साली बाजारात आले. १९८३ साली अमेरिकेतून ‘फ्लुएंट’ आले. स्पाल्डिंग यांच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या हार्वी रोस्टन आणि डेव्हिड टॅचेल यांनी १९८८ साली फक्त इलेक्ट्रॉनिक उपकरणे थंड ठेवण्याच्या गणितासाठी नवी कंपनी काढली, तिचे ‘फ्लोथर्म’ गाजले. स्वतः पाटणकरांनीही १९८७ साली मिनेसोटात ‘इनोव्हेटिव्ह रिसर्च’ ही कंपनी सुरू केली. फ्लुएंटने पुढे पुण्यात कार्यालय थाटले, २००६ साली अॅन्सिसने ती कंपनी घेतली, आणि हिंजवडीत रोज ‘मेशिंग कर’, ‘रन डायव्हर्ज झाला’, ‘रेसिड्युअल खाली येईनात’ अशी भाषा बोलणारी मराठी पिढी तयार झाली.

रन डायव्हर्ज होण्याला, म्हणजे आकडे जुळण्याऐवजी फुटत जाण्याला, कारणेही होती. पाटणकरांच्या वाटेने सगळे एकाच जाळीवर सोडवणे सुटसुटीत, पण विमानाच्या इंजिनाचे पाते हा वेगळाच मामला. त्याच्या अंगावरून जाणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळबिंदूहूनही गरम असतो. पाते टिकते ते आतल्या नागमोडी बोगद्यांतून सोडलेल्या थंड हवेमुळे आणि पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या तिच्या पांघरुणामुळे. धातूच्या तापमानाचा अंदाज तीसेक अंशांनी चुकला, तरी पात्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. अशा ठिकाणी वायूसाठी एक प्रोग्राम आणि धातूसाठी दुसरा, दोघांनी ठरावीक वेळाने सीमेवरचे आकडे एकमेकांना द्यायचे, अशी रीत पडली.

या देवघेवीत कुणी काय द्यावे, यावरही सारे अडते. १९९७ साली मायकेल गाइल्स यांनी ते गणिताने दाखवले. धातूने आपले तापमान वायूला सांगावे आणि वायूने त्या बदल्यात उष्णतेचा हिशेब धातूला द्यावा. हे नीट चालते, कारण धातू जड आणि सावकाश असतो, तो एकदम बिथरत नाही. उलटे केले, तर सीमेवरचे तापमान दर फेरीला वर-खाली हेलकावे खात वाढत जाते आणि आकडे फुटतात. शिवाय वायूचे घड्याळ सेकंदाच्या अंशांवर चालते आणि धातूचे मिनिटांवर. दोन्ही एकाच घड्याळावर चालवले, तर संगणक दिवसेंदिवस अडकून पडतो.

२००४ साली ‘ओपनफोम’ हे सॉफ्टवेअर सर्वांना खुले झाले. त्याचेही मूळ इम्पीरियल कॉलेजातले. स्थायू आणि प्रवाही असे वेगवेगळे भाग घेऊन त्यांच्या सीमा जुळवणारा एक खास सॉल्व्हर त्यात आहे आणि ‘सिम्पल’चे नाव तर दुसऱ्या एका सॉल्व्हरच्या नावातच आहे. लाखोंचे परवाने न परवडणाऱ्या कॉलेजांना हा मोठा आधार झाला. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने देशभरच्या विद्यार्थ्यांना त्यावर काम करायला लावले.

याच आयआयटीत अनिल दाते यांनी वर्षानुवर्षे हा विषय शिकवला. तेही इम्पीरियलचेच. पिळाची पट्टी घातलेल्या नळीतला प्रवाह आणि उष्णता यांवर त्यांनी तिथे प्रबंध लिहिला होता. २००५ साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने त्यांचे पाठ्यपुस्तक काढले. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान शोधणाऱ्या आयआयटीच्या ‘सितारा’ या केंद्राशीही ते जोडलेले होते.

ग्रामीण तंत्रज्ञान म्हटल्यावर वर्ध्याचे नाव निघणारच. १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ सुरू केले. या केंद्राने कुंभाराच्या चाकावर होणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पोकळ कवेलूंचे छत तयार केले. एकाचे टोक दुसऱ्याच्या पोटात घालत कमानी उभ्या करायच्या, कमानीला कमान लावून छत पुरे करायचे आणि वरून गिलावा द्यायचा. लोखंड लागत नाही, सागाचे वासेही लागत नाहीत.

सीएचटीच्या नजरेने पाहिले तर हे छत म्हणजे थरांची उतरंड आहे. वर ऊन आणि वारा, मग गिलावा, मग भाजलेली माती, मग शंकूत कोंडलेली हवा, पुन्हा माती, आणि खाली खोलीतली हवा. कोंडलेली हवा निश्चल असेल तर ती उत्तम रोधक. उन्हात गिलावा वरून तापतो, गरम हवा वरच राहते, त्यामुळे दिवसा पोकळीतली हवा फारशी हलत नाही. रात्री वरची बाजू आकाशाकडे उष्णता टाकून गार होते, खालची तुलनेने उबदार राहते, आणि पोकळीतली हवा फिरू लागण्याजोगी स्थिती येते. तेच छत दिवसा उष्णता अडवण्याकडे आणि रात्री ती सोडण्याकडे झुकते. तक्त्यातला एकच ‘एच’ घेऊन बसणाऱ्याला हा फरक दिसणार नाही. शिवाय पोकळीच्या गरम भिंतीकडून गार भिंतीकडे प्रारणाने जाणारी उष्णताही हिशेबात धरावी लागते. ती विसरली तर छत आहे त्याहून चांगले भासते.

अशा गणितांना संगणकही तगडा लागतो आणि भारतात तो सहजी मिळत नव्हता. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजात शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणन संस्था उभी राहिली. १९९१ साली तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. गंमत अशी की महासंगणक जसजसे वाढले तसतसे तेच उष्णतेचे सर्वांत कठीण प्रश्न होऊन बसले. अमेरिकेतल्या १९८५च्या ‘क्रे-२’मध्ये तर सगळे सर्किट विद्युतरोधक द्रवात बुडवलेले होते.

पाटणकरांचे पुढचे मोठे काम याच वाटेवरचे. डेटा सेंटरमध्ये सर्व्हरच्या कपाटांखाली उंचावलेली पोकळ जमीन असते. यंत्रे तिच्यात थंड हवा सोडतात आणि छिद्रांच्या फरशांतून ती वर येते. अनेक ठिकाणी तक्रार एकच असे: कूलिंग यंत्राच्या अगदी जवळचे कपाट तापते आणि लांबचे गार राहते. २००३ साली कैलाश कर्की आणि सहकाऱ्यांसह पाटणकरांनी याचा उलगडा मांडला. यंत्रातून निघालेली हवा जमिनीखाली जोरात धावते, जिथे वेग जास्त तिथे दाब कमी, त्यामुळे जवळच्या फरशीतून हवा वर येतच नाही, कधी उलट खोलीतलीच हवा खाली ओढली जाते. पलीकडच्या भिंतीशी हवा थबकते, दाब वाढतो आणि तिथल्या फरश्या भरभरून वाहतात.

उपायही गणितातूनच निघाले. जमिनीखालची पोकळी वाढवा, म्हणजे वेग कमी होईल. नाहीतर फरशीची छिद्रे कमी करा, म्हणजे फरशीचाच अडथळा इतका मोठा होईल की खालच्या दाबातला चढ-उतार त्यापुढे किरकोळ ठरेल. फरशी पुरेशी घट्ट असली तर वरच्या खोलीचे गणित न करता फक्त जमिनीखालचे केले तरी फरशांतून येणारी हवा अचूक काढता येते. ‘टाइलफ्लो’ हे सॉफ्टवेअर याच कामाचे. २००८ साली उष्णतेच्या क्षेत्रातले मानाचे मॅक्स जेकब पारितोषिक पाटणकरांना मिळाले आणि २०१० साली डेटा सेंटरमधल्या हवेवरचा त्यांचा विस्तृत लेख प्रसिद्ध झाला.

आता मुंबई, नवी मुंबई आणि पनवेलच्या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची एकेक चिप ७०० वॉट नि त्याहूनही अधिक उष्णता टाकते आणि तिथे पंख्याची हवा पुरत नाही. चिपच्या डोक्यावर तांब्याची पोकळ पाटी बसवतात आणि तिच्यातल्या केसाएवढ्या फटींतून पाणी फिरवतात. सिलिकॉन, पेस्ट, तांबे, पाणी असे चार थर आणि तीन सीमा. पाण्याची आणि तांब्याची सीमा आता संगणक निमूट सोडवतो, त्यासाठी तक्ता लागत नाही. पेस्टचे तसे नाही. चिप आणि तांबे यांच्यामध्ये ती किती जाड बसली, कुठे बुडबुडा राहिला, स्क्रू किती आवळला, हे कोणत्याही समीकरणातून निघत नाही. तिथला संपर्करोध प्रयोगशाळेत मोजून आणावा लागतो, आणि सीएचटी करणाऱ्याला तो अजूनही हातानेच भरावा लागतो.